बदाम

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं होतं,
त्याखालून वाकून एदुविना आत आली.
ताल्काउआनोच्या मासळीबंदरावर एकतीस वर्षं सुरी चालवलेली बाई,
परवाच शेवटचा पगार घेतलेला.
हात लिंबाने धुतले होते,
तरी तिच्याआधी वास खुर्चीत बसला.

म्हणाली, हृदय काढायचंय.
मी म्हटलं, काढायचंय की काढून टाकायचंय?
हा माझा जुना विनोद.
ती हसली नाही.
म्हणाली, काढून टाकायचं काम तर रोजच केलं,
दिवसाला तीनशे.

मी वही उघडली.
पहिल्या पानावर पत्त्यातला बदाम, लालभडक,
पोरं पहिल्या पगाराला हाच मागतात.
“छान आहे,” ती म्हणाली,
“पण हा हातावर असला
की समोरच्याला हुकूम कळतो.”

मग बाण घुसलेलं.
“हा मारला कुणी?”
कुणीतरी.
“मग त्याचं चित्र काढ ना.
जखमेचंच का काढता दरवेळी?”

काटे आणि ज्वाळांचं पान तिने पटकन उलटलं.
ते आईच्या पलंगावर असायचं, काचेच्या चौकटीत.
त्याच्याखाली आई सात वेळा बाळंत झाली.
“त्याने पुष्कळ पाहिलंय,” एवढंच बोलली.

फीत गुंडाळलेलं, फितीवर नावापुरती जागा.
कुणाचं घालू?
“नाव नको.
नावं बोटींवर घालतात,
आणि बोटी विकल्या जातात.”

शेवटचं खरंखुरं, नसा-धमन्यांसकट.
कोन्सेप्सिओनची डॉक्टरकीची मुलं हे घेतात.
त्यावर ती बराच वेळ थांबली.
“हे आहे कुणाचं?”
मला सांगता येईना.
इस्पितळाच्या भिंतीवरच्या तक्त्यावरून उतरवलं होतं मी,
बाबा आत होते तेव्हा,
हाताला काही तरी काम हवं म्हणून.

तिने माझ्या पाण्याच्या कपात बोट बुडवलं
आणि स्टीलच्या टेबलावर काढलं
एक तिकोनी, घेवड्याच्या दाण्याहून लहान.
“मेरलुसाचं.
छातीत नसतं तिच्या, गळ्याशी असतं, कल्ल्यांच्या मागे.
गिळायचं आणि जीव लावायचा, एकाच जागेवरून.
कधी कधी तळहातावर उडत राहायचं.
मासा केव्हाच बर्फात,
आणि हे आपलं कामावर.
पाळी संपल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नसायचं.”

एवढंसंच काढू?
“एवढंसंच असतं.”

जागा तिने ठरवून आणली होती,
डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या आत,
जिथे सुरी पहिल्याच आठवड्यात घसरली होती.
मी म्हटलं, तळहातावर शाई टिकत नाही,
चार वर्षांत पुसट होईल.
“मग येईन. तू आहेस ना?”

लाल तिला नको होता.
तपकिरी, त्यात थोडा गुलाबी, त्यात राखेचा एक थेंब;
दोनदा चुकलो, दोनदा तिने मान हलवली.
तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही.

सुई लागली तसा अंगठा उडाला.
हलू नका.
“मी कुठे हलतेय.”

अकरा मिनिटांचं काम.
पैसे मोजून ठेवले, वर वर्तमानपत्राची एक पुडी,
आणि परत वाकून, शटरखालून,
उताराच्या रस्त्याने बंदराकडे नाही, वर, घराकडे गेली.

टेबलावरचं पाणी कडेकडेने सुकत होतं.
मी फडकं उचललं, खाली ठेवलं.

रात्री पुडी सोडली. आत मेरलुसा,
खवले काढलेली, पोट धुतलेलं,
आत काही राहू न देणाऱ्या हातांनी साफ केलेली.
तव्यात तेल तापलं होतं.
तरी मी बोट घालून
गळ्याशी एकदा चाचपून पाहिलं.